घरच्या रीफ टँकमध्ये प्रवाळाच्या तुकड्यांपासून नवी वसाहत कशी वाढवावी

वादळी लाटा प्रवाळभित्तीवर आदळतात तेव्हा ॲक्रोपोरासारख्या फांद्याफांद्यांच्या प्रवाळांचे असंख्य तुकडे मोडून तळाशी पडतात. त्यांतले बरेचसे वाळूवर लोळत राहतात, गाळाखाली गाडले जातात आणि मरतात. परंतु जो तुकडा एखाद्या खडकाच्या फटीत घट्ट अडकून बसतो, तो कालांतराने त्या खडकाला चिकटतो आणि त्यातून नवी वसाहत उभी राहते. जनुकीय दृष्ट्या ती मूळ वसाहतीची हुबेहूब प्रत असते. रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, पाळणारे लोक ज्याला ‘फ्रॅग करणे’ म्हणतात, त्यात हीच घटना आपण काचेच्या टाकीत आपल्या सोयीने घडवून आणतो. नवखा माणूस सगळी काळजी कापण्याची करतो. वास्तविक कापणे हा या कामातला सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी वेळाचा भाग आहे. तुकडा जगणार की नाही, हे त्याला जागेचे, पाण्याचे आणि प्रकाशाचे स्थैर्य मिळते की नाही यावर ठरते, आणि पुढच्या प्रत्येक पायरीत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येईल.

कायद्याची बाजू आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. भारतात खडकी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाला आहे त्याच अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावर स्नॉर्केलिंग करताना हाताला लागलेला तुकडा घरी आणणे हासुद्धा गुन्हा ठरतो, मग तो तुकडा जिवंत असो वा मेलेला. त्यामुळे हा लेख अमेरिका, ब्रिटन, जर्मनी अशा देशांत राहणाऱ्या आणि तिथल्या कायद्यानुसार, टाकीत वाढवलेले प्रवाळ परवानाधारक विक्रेत्याकडून घेणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. तिथेही खडकी प्रवाळ साइट्स (धोक्यातील वन्यजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येत असल्याने देशाची सीमा ओलांडताना परवाना लागतो. भारतात येताना भेट म्हणून एखादा तुकडा सामानात टाकण्याचा विचारही करू नये. जे भारतात राहतात त्यांनी हा लेख माहितीसाठी वाचावा. आपल्याकडे गुजरातमध्ये मिठापूरजवळ भारतीय प्राणी सर्वेक्षण आणि गुजरात वन विभाग यांनी २०२० मध्ये समुद्रात लोखंडी सांगाडा बसवून, त्यात सौम्य वीजप्रवाह सोडून त्यावर प्रवाळाचे तुकडे वाढवण्याचा प्रयोग सुरू केला. त्या कामामागचे तत्त्वही या लेखातून समजेल.

टाकी आणि मातृवसाहत (जिच्यातून तुकडा घ्यायचा ती वसाहत) तयार आहे का?

तुकडा करण्यापूर्वी टाकी निदान आठ-दहा महिने सुरळीत चाललेली असावी. तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस, क्षारता (पाण्याचा खारेपणा) दर हजारी ३५, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास, अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटांचे माप) ८ ते ९ डीकेएच (तिचे एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम (दशलक्षात भाग), नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम हे आकडे बहुतेक जातींना मानवतात. मात्र आकडा नेमका किती आहे यापेक्षा तो किती हलतो हे पाहावे. ज्या टाकीत अल्कलिनिटी कायम ७.५ असते ती टाकी, एका आठवड्यात ७ वरून १० वर जाणाऱ्या टाकीपेक्षा कितीतरी अधिक सुरक्षित असते. म्हणून कापण्याच्या आधी दोन आठवडे रोज ठरावीक वेळी अल्कलिनिटी मोजून वहीत लिहावी. त्या नोंदींत अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त चढउतार दिसत असेल, तर कात्री बाजूला ठेवून आधी डोसिंग, म्हणजे पाण्यात क्षार घालण्याचे प्रमाण, सुधारावे. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर असणेही चांगले नाही, कारण जखम भरून काढणाऱ्या वसाहतीला पोषण लागते.

मातृवसाहत आपल्या टाकीत किमान दोन-तीन महिने वाढलेली असावी. तिचे पॉलिप, म्हणजे वसाहत बनवणारे सूक्ष्म जीव, नीट बाहेर येत असावेत, फांद्यांच्या टोकांना किंवा पानाच्या कडेला नव्या वाढीची फिकट रेषा दिसत असावी आणि बुंध्याकडे पांढरा सांगाडा उघडा पडत नसावा. दुकानातून कालच आणलेली वसाहत लगेच कापू नये. याला एकच अपवाद आहे: एखाद्या ॲक्रोपोराची ऊती बुंध्याकडून सुटत वर सरकू लागली, तर मेलेल्या रेषेच्या बरेच वर निरोगी भागात कापून टोके वाचवणे हाच उपाय उरतो.

सुरुवात कशापासून करावी, याचे माझे उत्तर ठाम आहे: माँटिपोरा डिजिटाटा किंवा माँटिपोरा कॅप्रिकॉर्निस. दोन्ही लवकर वाढतात, सहज मोडतात आणि जखम लवकर भरतात. मऊ प्रवाळांत ग्रीन स्टार पॉलिप आणि लेदर कोरल सोपे आहेत. झोअँथिड (चटईसारखे पसरणारे, प्रवाळांचे नातलग) सोपे म्हणून सर्वत्र सुचवले जातात, परंतु ते पहिल्या प्रयोगासाठी घेऊ नयेत, असे मला वाटते; त्याचे कारण पुढे येते.

साहित्य आणि जागा

फांद्यांच्या खडकी प्रवाळांसाठी बोन कटर, मऊ प्रवाळांसाठी धारदार स्काल्पेल किंवा नवे ब्लेड, जाड सांगाड्यांसाठी हिऱ्याच्या कणांची चकती लावलेले ड्रेमेल (हातात धरायचे फिरते विजेचे हत्यार) किंवा पाण्यावर चालणारी बँड सॉ, सिरॅमिकचे प्लग (तुकडा चिकटवायच्या लहान बैठका), सायनोॲक्रिलेटचा जेल स्वरूपातला सुपरग्लू, दोन भागांची इपॉक्सी पुटी, आयोडीनयुक्त कोरल डिप (तुकडे बुडवून जंतू मारण्याचे द्रावण) आणि टाकीच्या काचेला चुंबकाने लागणारा रॅक एवढे साहित्य पुरेसे आहे. साधा पातळ सुपरग्लू घेऊ नये; तो ओघळतो आणि जिवंत ऊतीवर पसरतो. प्लग आधी काही आठवडे सम्पमध्ये (टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत) टाकून ठेवले तर त्यांवर जिवाणूंचा थर बसतो, आणि कोऱ्या प्लगवर जसे शेवाळ एकदम माजते तसे या प्लगवर माजत नाही.

काम स्वयंपाकघरात करू नये. बाल्कनी, गॅरेज किंवा खिडकी उघडी असलेली खोली निवडावी आणि मुले व पाळीव प्राणी दूर ठेवावेत. नायट्राइलचे हातमोजे आणि डोळे बाजूंनीही झाकणारा चष्मा प्रत्येक वेळी वापरावा, आणि चकती किंवा सॉ चालवताना तोंडावर मास्कही लावावा. टाकीतलेच पाणी तीन भांड्यांत भरून घ्यावे: एक कापलेले तुकडे ठेवायला, एक डिपसाठी आणि एक डिपनंतर धुवायला. तुकडे या पाण्यात तास-दीड तास ठेवायचे असतील, तर भांड्यांचे तापमान टाकीपेक्षा फार खाली जाणार नाही हेही पाहावे.

झोअँथिडबद्दल अधिक स्पष्टपणे लिहिणे माझे कर्तव्य आहे. झोअँथस आणि विशेषतः पॅलिथोआ यांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते. हवाई बेटांवरच्या पॅलिथोआतून ते वेगळे केल्याचे संशोधन १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. हाताला जखम असताना या पॉलिपचा चीक लागणे, कापताना तो डोळ्यात उडणे आणि सर्वांत वाईट म्हणजे खडक उकळत्या पाण्यात टाकल्याने, गरम पाण्याने धुतल्याने किंवा कोरडा घासल्याने त्याची वाफ वा धूळ श्वासात जाणे, या तीन वाटांनी विषबाधा होते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या स्टीव्हन्टन गावी २०१८ मध्ये घरातली टाकी साफ करताना असेच झाले आणि त्या कुटुंबाला व मदतीला धावून आलेल्यांनाही रुग्णालयात न्यावे लागले. म्हणून प्रवाळाचा खडक कधीही उकळू नये, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये आणि कोरडा असताना घासू नये. झोअँथिड कापायचेच असतील तर पॉलिपच्या मधून न कापता दोन पॉलिपमधल्या चटईसारख्या भागातून, किंवा त्याखालच्या खडकातूनच छिन्नीने तुकडा काढावा. काम झाल्यावर हत्यारे आणि भांडी पातळ केलेल्या घरगुती ब्लीचमध्ये अर्धा तास बुडवून मग भरपूर पाण्याने धुवावीत. तोंडाला कडवट किंवा धातूसारखी चव येणे, हातपाय बधिर होणे, स्नायू दुखणे, ताप, धाप लागणे यांपैकी काहीही जाणवले तर ताबडतोब रुग्णालयात जावे आणि ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द डॉक्टरांना स्वतःहून सांगावा, कारण या विषाची शंका सहसा कोणाला येत नाही.

कापणे

माँटिपोरा डिजिटाटा किंवा ॲक्रोपोराची फांदी निवडताना अडीच ते तीन सेंटिमीटरचे टोक घ्यावे. यापेक्षा लहान तुकडा जगतो, पण त्याच्याजवळ राखीव शक्ती कमी असते. बोन कटरची पाती फांदीला काटकोनात लावावीत आणि एकाच दमात, न डगमगता दाबावे. हळूहळू दाबल्यास सांगाडा चिरडतो आणि कापाच्या दोन्ही बाजूंची ऊती फाटते. फांदी मातृवसाहतीवरून तुटताच थोडा चिकट स्राव निघतो, हे स्वाभाविक आहे. वसाहतीची छाटणी करताना शेजारच्या फांद्यांवर सावली टाकणाऱ्या फांद्या आधी काढाव्यात, म्हणजे मागे उरणाऱ्या वसाहतीलाही फायदा होतो. कॅप्रिकॉर्निसची पाने मात्र बोटांनी मोडली तरी चालतात.

हॅमर, फ्रॉगस्पॉन आणि टॉर्च या युफिलिया गटातील प्रवाळांत नियम निराळा आहे. यांचे मांसल डोके वर असते आणि खाली सांगाड्याची पोकळ नळी असते. डोक्याच्या आत दिसत नसलेली ऊती त्या नळीत काही अंतर खाली गेलेली असते. म्हणून आधी हलक्या हाताने पाणी हलवून डोके पूर्ण आत घ्यायला लावावे आणि दिसणाऱ्या मांसल कडेपासून निदान तीन-चार सेंटिमीटर खाली कापावे. जिथे दोन फांद्यांच्या मधला सांगाडा आधीच मृत आणि उघडा आहे तिथे काप घेतला तर ऊतीला इजा होतच नाही. भिंतीसारख्या सलग वाढणाऱ्या युफिलियाला सॉने कापल्यास जिवंत ऊती चिरली जाते आणि तपकिरी जेलीसारखा संसर्ग होण्याची भीती मोठी असते. घरी हे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

लेदर कोरलची टोपी स्काल्पेलने पाचरीसारखी कापता येते, परंतु त्याच्या चिकामधली रसायने शेजारच्या प्रवाळांना त्रास देतात. त्या दिवशी टाकीत ताजा सक्रिय कोळसा ठेवावा आणि काप मुख्य टाकीच्या बाहेर घ्यावा. मशरूम प्रवाळ तोंडाच्या मधून दोन किंवा चार भागांत चिरले तरी प्रत्येक भाग नवे तोंड घडवतो. अडचण चिकटवण्याची आहे, तिच्याकडे लगेच येतोच. ग्रीन स्टार पॉलिपची चटई काचेवर वाढू दिली तर ब्लेडने सोलून काढता येते, त्यात काही विशेष कौशल्य नाही.

चिकटवणे

सगळ्या कामात सर्वाधिक लक्ष इथे द्यावे. पाण्याच्या झोताने किंचित जरी डुलणारा तुकडा असला, तर बुंध्याकडे सरकणारी नवी ऊती दर वेळी घासली जाते आणि तो कधीच धरत नाही. म्हणून तुकड्याचा कापलेला बुंधा टिश्यू पेपरवर क्षणभर टेकवून पाणी टिपून घ्यावे. प्लगवर वाटाण्याएवढा जेलचा थेंब घ्यावा, त्यात बुंधा दाबून थोडा फिरवावा, म्हणजे जेल बुंध्याच्या बाजूंनी वर चढते आणि आत हवा राहत नाही. दहा-पंधरा सेकंद तसेच धरून मग प्लगसह तुकडा पाण्यात बुडवावा. सायनोॲक्रिलेट ओलाव्याने घट्ट होते. पाण्यात जाताच त्यावर पांढरी साय धरते, आतला भाग मात्र अजून मऊ असतो. त्यामुळे पाण्यात आणखी अर्धा मिनिट धरून ठेवावे आणि मग बोटाने हलके ढकलून पाहावे. तुकडा हलला तर तो काढून, जुने जेल खरवडून पुन्हा लावावा. वरून थापलेले जेल पुरत नाही.

थेट खडकावर लावायचे असल्यास नुसते जेल टिकत नाही. खडकावर जेल, त्यावर मळलेली इपॉक्सी पुटी, पुटीवर पुन्हा जेल आणि त्यावर तुकडा, असे थर करावेत. पुटी खडबडीत पृष्ठभागात बसते आणि जेल दोन्ही बाजूंना पकड देते. पुटीचा अति वापर टाळावा, कारण ती घट्ट होताना पाण्यात फेस वाढवते आणि स्किमर (फेसाने पाणी स्वच्छ करणारे यंत्र) ओसंडून वाहू शकतो.

मशरूम आणि लेदर यांच्या स्रावावर जेल टिकत नाही. मशरूमचे तुकडे एका लहान डब्यात खडकाच्या खड्यांवर पसरून डब्याचे तोंड जाळीने बांधावे आणि तो कमी झोताच्या जागी ठेवावा. एक-दोन आठवड्यांत ते स्वतःच खड्यांना धरतात. लेदरच्या तुकड्यातून लाकडी टूथपिक आडवी घालून, रबरबँडने ती प्लगला सैलसर बांधावी. रबरबँड घट्ट बांधला तर तो मांसातून कापत खाली जातो.

डिप आणि जागा

तुकडे आयोडीनच्या डिपमध्ये बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि तेवढाच वेळ ठेवावेत. प्रमाण वाढवल्याने काम जास्त चांगले होत नाही. दुसऱ्याकडून आणलेल्या तुकड्यांना किडीसाठीचा वेगळा डिप द्यावा. ॲक्रोपोरा खाणारे चपटे कृमी आणि माँटिपोरा खाणाऱ्या गोगलगायी या दोन किडी एका रात्रीत दिसत नाहीत, पण पूर्ण टाकी संपवू शकतात. डिपने मोठे किडे गळून पडतात, अंडी मात्र जगतात. म्हणून बुंध्याभोवतीचा मृत सांगाडा आणि जुना प्लग भिंगातून पाहून अंडी खरवडावीत, शक्य असेल तर जुना प्लग फेकूनच द्यावा, आणि डिप दर पाच-सात दिवसांनी काही आठवडे पुन्हा करावा. तोवर ते तुकडे मुख्य टाकीत आणू नयेत.

रॅक सुरुवातीला टाकीच्या खालच्या किंवा मधल्या उंचीवर लावावा. प्रकाश पीएआर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी प्रकाश) मीटरने मोजता आला तर उत्तम; अनेक ठिकाणचे हौशी क्लब सदस्यांना हे मीटर वापरायला देतात. मऊ प्रवाळांना ५० ते १००, युफिलियासारख्या मोठ्या पॉलिपच्या प्रवाळांना ७५ ते १५०, आणि ॲक्रोपोराला पुढे जाऊन २०० ते ३५० लागतात, पण ताज्या ॲक्रोपोराला पहिले दोन आठवडे १०० ते १५० पुरे. मग दर आठवड्याला रॅक थोडा वर सरकवावा. झोत मध्यम आणि दिशा बदलणारा असावा. एकाच बाजूने सरळ येणारा जोरदार झोत ऊती सोलून काढतो. तुकड्यांमध्ये अंतर सोडावे. युफिलिया रात्री लांब डंखतंतू बाहेर काढून शेजाऱ्याला मारतो, त्यामुळे त्याच्याभोवती पंधरा सेंटिमीटर मोकळी जागा हवीच.

पहिले काही आठवडे

पहिले दोन-तीन दिवस पॉलिप बंद राहतील. त्या काळात तुकडा उचलून पाहू नये, रॅक हलवू नये आणि पाणीही मोठ्या प्रमाणात बदलू नये. ॲक्रोपोरा आणि माँटिपोरा यांत साधारण दोन-तीन आठवड्यांनी सुपरग्लूच्या थरावरून पसरणारी फिकट, जवळजवळ पांढरी, अत्यंत पातळ किनार दिसू लागते. भिंगातून पाहिले तर तिच्यात टाचणीच्या टोकाएवढे नवे पॉलिप ओळीने उमटताना दिसतात. ही किनार दिसली म्हणजे तुकडा धरला. त्यानंतरच तो खडकावर कायमच्या जागी लावावा. लेदर काही दिवस मेणचट होऊन कात टाकल्यासारखा एक पडदा सोडतो. झोत थोडा वाढवल्यास पडदा निघून जातो आणि पॉलिप उघडतात.

ऊती कापाच्या कडेला थोडी मागे हटून थांबली तर काळजीचे कारण नाही. ती रोज सरकत असेल तर तुकडा बाहेर काढून निरोगी भागात पुन्हा कापावा. तपकिरी, ओढल्यावर लोंबणारी जेली दिसल्यास पंप बंद करून ती नळीने शोषून घ्यावी, डिप द्यावा आणि तुकडा वेगळ्या भांड्यात ठेवावा, म्हणजे ती पाण्यात पसरत नाही. प्लगवरचे शेवाळ मऊ ब्रशने नियमित काढावे आणि टाकीत शेवाळ खाणाऱ्या लहान गोगलगायी पुरेशा ठेवाव्यात. मोठ्या टर्बो गोगलगायी मात्र चालताना तुकडे उलटवतात.

तुकडे वाढू लागले की रसायनशास्त्र बदलते, आणि अनेक टाक्या इथे घसरतात. प्रवाळ सांगाडा बांधताना अल्कलिनिटी २.८ डीकेएचने घटते तेव्हा कॅल्शियम साधारण २० पीपीएमने घटते. म्हणजे घट आधी अल्कलिनिटीत दिसते, कॅल्शियमच्या चाचणीत ती फारशी कळत नाही. म्हणून तुकडे वाढवल्यानंतर दर आठवड्याला किमान दोनदा अल्कलिनिटी मोजावी आणि डोस हळूहळू वाढवावा. एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त वाढ कधीही करू नये.

फेव्हियासारख्या घुमटाकार, हळू वाढणाऱ्या प्रवाळांसाठी सूक्ष्म तुकड्यांची पद्धत आहे. फ्लोरिडातल्या मोट मरीन लॅबोरेटरीच्या समरलँड की येथील केंद्रात डेव्हिड व्हॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती विकसित केली. साधारण एक चौरस सेंटिमीटरचे तुकडे केले की ऊती कडेने खूप वेगाने पसरते, आणि एकाच वसाहतीचे तुकडे शेजारी शेजारी लावले तर ते एकमेकांना भेटल्यावर जुळून एक होतात. वेगवेगळ्या वसाहतींचे तुकडे मात्र जुळत नाहीत, सीमेवर लढतात. घरी हे करायचे तर पाण्यावर चालणारी सॉ हवीच, कारण कोरड्या चकतीने सांगाडा तापतो आणि कडेची ऊती मरते.

तुकडा कोणाला द्यायचा असेल तर प्लगवर किनार धरून महिनाभर झाल्याशिवाय देऊ नये. प्लगखाली जातीचे नाव आणि कापल्याची तारीख पेन्सिलने लिहावी, आणि सोबत आपल्या टाकीतली क्षारता, अल्कलिनिटी व प्रकाशाचा आकडा सांगावा. घेणाऱ्याला त्यांची गरज नावापेक्षाही जास्त असते. आपल्या प्रत्येक आवडत्या वसाहतीचा एक तरी तुकडा दुसऱ्याच्या टाकीत वाढत असावा. हीटर अडकला किंवा वीज दोन दिवस गेली आणि आपली टाकी कोसळली, तर तीच वसाहत त्या तुकड्यातून पुन्हा घरी आणता येते, आणि त्यासाठी समुद्रातून नवी वसाहत काढावी लागत नाही.